ओलं आहे तोवर

"ही साडी जांभळी आहे?" दिनानाथांनी विचारलं, आणि मालिनीच्या हातातला चहाचा कप बशीत जरासा कलंडला. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून पट्टी सोडल्यानंतरची ही पहिली सकाळ. साडी जांभळीच होती. गेली कित्येक वर्षं ती नेसत होती आणि गेली कित्येक वर्षं दिनानाथ तिला 'तुझी ती चॉकलेटी' म्हणत होते. सुरुवातीला एकदोनदा तिनं दुरुस्त केलं असेल, मग सोडून दिलं, आणि पुढे पुढे तीही कपाट उघडताना मनात चॉकलेटीच म्हणू लागली. आता दिनानाथांनी तळहातानं एक डोळा झाकला, मग दुसरा. उजव्यानं जांभळी, डाव्यानं चॉकलेटी. दोनतीनदा त्यांनी तसं करून बघितलं. मग हात खाली आला आणि नजर पदरावरून वर सरकली, गळ्याशी आली, हनुवटीशी आली, आणि चेहऱ्यावर येऊन थांबली. माणूस खिडकीतून बाहेर बघताना थांबतो तशी नाही, काहीतरी वाचत असल्यासारखी. "काय बघताय?" तिनं विचारलं. "काही नाही," ते म्हणाले, "बघतोय." मालिनीचा हात आपोआप गालाकडे गेला. सरकलेला पदर सावरायला जातो तसा गेला, आणि गालावर सावरण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून तिथेच राहिला.

दिवसभर ते घरातून हिंडत होते. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धूळ नको, धूर नको असं बजावलं होतं, पण बघायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. भिंती पांढऱ्या आहेत याचं त्यांना नवल वाटलं. न्हाणीतली बादली निळी आहे, गॅसची ज्योत निळी आहे, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमागे आकाश आहे आणि तेही निळं आहे. प्रत्येक वेळी ते तिला हाक मारून सांगत आणि ती स्वयंपाकघरातून "हो ना" म्हणत होती. मोरिवलीच्या रंगाच्या कारखान्यात या माणसाची सगळी नोकरी दोन चिंध्या शेजारी ठेवून, दोन्हींचा रंग एकच आहे का, हे सांगण्यात गेली होती. तेव्हा संध्याकाळी ते घरी आले की नखांच्या कडांना त्या दिवसाचा रंग असे, आणि त्यांचे शर्ट भिजवले की पाणी कधी गुलाबी व्हायचं, कधी शेवाळी. मालिनी ते पाणी मोरीत ओतताना उगाच क्षणभर थांबायची. कारखान्याचा दिवस आपल्या हातून वाहून चालला आहे असं तिला वाटायचं, आणि ते बरं वाटायचं. निवृत्तीनंतर त्यांनी तेलरंग आणले. घरात जवसाच्या तेलाचा जड, जुनाट वास मुरला. पडद्यांत, उशांत, पिठाच्या डब्याच्या झाकणापर्यंत. तो तिला आवडू लागला होता. बाहेरगावी गेली की तिला तो वास आठवायचा.

दुपारी ते दिवाणखान्यात त्या चित्राच्या समोर उभे राहिलेले तिला दिसले. ते तिचं चित्र होतं. खिडकीजवळ बसलेली मालिनी, मान किंचित वळलेली, आणि अंगभर सोनेरी उजेड. गाल पिकल्या आंब्यासारखे, गळ्याचा खळगासुद्धा मधासारखा. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर थबकायचा. काकू, काय तेज आहे चेहऱ्यावर, असं म्हणायचा. "संध्याकाळचा उजेड आहे तो," मालिनी सांगायची. पण तो संध्याकाळचा नव्हता. ती बसली होती ती सकाळी, स्वयंपाक उरकून, थंडीच्या दिवसांत, आणि खिडकीतून येणारा उजेड घासलेल्या पातेल्यासारखा पांढरा होता. चित्र पुरं झाल्यावर त्यांनी ते तिच्याकडे वळवलं तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली होती. ही मी नव्हे, असं तिला त्याच क्षणी कळलं. का ते कळायला बराच काळ गेला. नदीच्या चित्रात पाणी तपकिरी यायला लागलं, पेटीतल्या निळ्या ट्यूब तशाच पडून त्यांची झाकणं घट्ट बसली, पिवळ्या मात्र पिळून पिळून चपट्या व्हायला लागल्या, तेव्हा तिला उमगलं की यांच्या डोळ्यांत काहीतरी साकळत चाललं आहे. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर भिंतीवरच्या त्या बाईचं काय झालं असतं? रोज केर काढताना, फुलं बदलताना, टीव्हीवरच्या जाहिराती चालू असताना मालिनी तिच्याकडे बघायची. एखाद्या श्रीमंत मैत्रिणीकडे बघावं तशी, थोड्या संकोचानं, थोड्या हक्कानं.

बदलापूर गावातल्या तिच्या माहेरी दिनानाथ तिला बघायला आले होते, त्याच्या आधीचे आठ दिवस आई तिच्या चेहऱ्याला साय आणि बेसन चोळत होती. आई स्वतः सावळी, मालिनीहून सावळी, आणि चोळताना तिची बोटं अशी जोरात फिरायची की जणू स्वतःकडून मुलीच्या अंगावर सांडलेलं काहीतरी ती पुसून काढत होती. पोहे झाले, प्रश्न झाले. मालिनी आत आली आणि दाराआडून तिनं होणाऱ्या सासूचं वाक्य ऐकलं: "मुलगी नीटस आहे, रंगानं जरा डावी आहे, एवढंच." एवढंच. त्या एवढंचमध्ये लग्न ठरलंही. हळदीच्या दिवशी सगळ्या बायका म्हणाल्या, बघा कशी उजळली, आणि मालिनीला वाटलं, ही हळद धुऊच नये. लग्नाच्या अल्बममध्ये ती पिवळीधमक आली आहे. तिच्याशेजारी आई उभी आहे, पण फोटोग्राफरनं सगळा उजेड नवरीसाठी बेतलेला असल्यामुळे आईचा चेहरा म्हणजे नुसता काळोख आहे, त्यात दोन डोळे आणि नथ. पुढे आईचा दुसरा धड फोटो कुणी काढलाच नाही. लग्नानंतर कधीतरी गच्चीवर दिनानाथ तिला म्हणाले होते, "आमच्या लॅबमध्ये तुझ्या रंगाचं शेडकार्ड नाही." ही स्तुती होती की दुसरं काही, हे तिला तेव्हा कळलं नाही. विचारायचं राहिलं, मग विचारण्याचं वय गेलं. आणि मग एकाएकी, केस पांढरे झाल्यावर, त्यांनी तिला अंगभर सोन्याची करून भिंतीवर टांगली. डोळ्याच्या दोषानं का होईना, केली ना.

"ते चित्र दुरुस्त करायला हवं," रात्री जेवताना दिनानाथ म्हणाले.

"राहू दे की. चांगलं आहे."

"चांगलं कसलं. कावीळ झाल्यासारखी दिसतेस त्यात."

मालिनीनं त्यांच्या पानात भात वाढला. कावीळ. हा शब्द त्या बाईसाठी इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आला नव्हता, आणि आता तो आला म्हटल्यावर जाणार नव्हता. दिनानाथ मात्र रंगात आले होते. पाण्याच्या रंगांचं असं नसतं, ते सांगत होते. कागद रंग पिऊन टाकतो, मग हात जोडायचे. तेलरंग थांबतो. आपण थांबू तितका थांबतो. आज लावला तर उद्या हलवता येतो, परवा खरवडता येतो. वाळला तरी त्याच्यावर पातळ थर चढवता येतो आणि खालचा रंग वरच्यातून दिसत राहतो. माणसानं जन्मभर एकच चित्र रंगवायचं म्हटलं तरी तेलरंगात ते जमेल. "हाच तर त्याचा फायदा," ते म्हणाले, "काहीच कधी कायमचं बिघडत नाही." मालिनी ऐकत होती आणि तिला वाटत होतं, मग काहीच कधी कायमचं मिळतही नाही म्हणायचं. जे आपलं झालं असं वाटलं, तेही पुन्हा ओलं करता येतं. रात्री राजसीचा, त्यांच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. तिनं बजावलं, "आई, बाबांना टर्पेंटाइनच्या जवळसुद्धा जाऊ देऊ नकोस हां. त्या वासानं डोळा चुरचुरेल." मालिनी लगेच "नाही देणार" म्हणाली. मुलीच्या त्या काळजीत आपली सोय आहे, हे तिला बोलता बोलता जाणवलं आणि तिनं फोन जरा लवकरच ठेवला.

पण दिनानाथ थांबणाऱ्यातले नव्हते. आठवडाभर कसेबसे काढल्यावर त्यांनी तिला उल्हासनगरला धाडलं. कॅम्प दोनमधल्या जयदेवच्या दुकानातून अल्ट्रामरीन निळा आणायचा, मोठी ट्यूब, आणि पांढरा. रिक्षातून जाताना ऊन होतं आणि तिला एकसारखं वाटत होतं की आपण कुणालातरी परस्पर विकायला निघालो आहोत. बाजारात नेहमीची दाटी. कापडाची दुकानं, शिलाई मशिनांचा आवाज, कढईतल्या दालपकवानाचा वास. एका दुकानाबाहेरच्या उभ्या आरशात ट्यूबलाइटच्या उजेडात एक बाई येताना दिसली, काळसर, ओठांच्या कडा खाली वळलेल्या, हातात पिशवी. तिला वाट द्यावी म्हणून मालिनी बाजूला झाली आणि तीही झाली, तेव्हा कळलं. दुकानातल्या पोरीनं तिच्याकडे बघून गुलाबी साडीवरचा हात सहज उचलला आणि मेंदी रंगाच्या साडीवर ठेवला. "आओ ना आंटी, ये आप पे अच्छा लगेगा." मालिनी हसली आणि पुढे गेली.

जयदेवचं दुकान अरुंद, छतापर्यंत खोके. तो तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. सामान न्यायला बहुतेक तीच यायची. "दादांची आँख कशी आहे, भाभी?" त्यानं विचारलं, आणि अल्ट्रामरीन म्हटल्यावर भुवया उंचावल्या. "नीला? दादा तो नीला लेतेही नव्हते. हमेशा पीला, पीला. मला वाटायचं, आर्टिस्ट आदमी, मर्जी त्याची." म्हणजे यालाही माहीत होतं. सगळ्यांनाच थोडं थोडं माहीत होतं. ट्यूब नाहीच म्हणून सांगावं, संपली म्हणावं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो इतका पोरकट होता की तिला स्वतःचीच कीव आली. मग तिनं वेगळंच विचारलं. "जुन्या चित्रावर नवीन रंग लावला, आणि नाही आवडला, तर?"

"काही टेन्शन नाही. गीला है तब तक कपडा घ्या, थोडा टर्पेन घ्या, पुसून टाका. नीचेवाला पुराना सूख गया है, त्याला काही होणार नाही. वैसा का वैसा." जयदेव ट्यूब कागदात गुंडाळत होता. "ऑइल की यही तो बात है, भाभी. टाइम देता है."

ती घरी आली तेव्हा दुपार कलली होती. दार लोटलेलं होतं आणि वास आधी आला. चित्र भिंतीवर नव्हतं. भिंतीवर त्याच्या आकाराचा, बाकीच्या भिंतीहून स्वच्छ असा चौकोन होता. खिडकीजवळ खुर्चीला टेकवून चित्र उभं केलेलं, खाली वर्तमानपत्रं, आणि शेजारी एक जुनी, घट्ट झालेली निळी ट्यूब कात्रीनं उभी कापलेली. वरची साल कडक झाली होती, आतला रंग अजून मऊ होता, तो त्यांनी सुरीनं कोरून काढला होता. तिची वाट बघणं त्यांना जमलं नव्हतं. आता ते आतल्या खोलीत पलंगावर काळा चष्मा लावूनच झोपले होते, हात छातीवर, बोटांना निळं. मालिनी चित्राकडे बघायचं टाळून आधी पाणी प्यायली. मग बघितलं. कपाळ, डावा गाल आणि गळ्याचा थोडा भाग नवा होता. बाकी सगळं सोनं. सोन्याच्या बाईच्या अंगावर कुणीतरी सावली फेकली होती आणि ती सावली ओली होती, चमकत होती.

तिनं फडकं घेतलं. टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण उघडताना आवाज होऊ नये म्हणून ते पदरात धरलं. आपण चोरी करतो आहोत असं तिला वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंच भय वाटत होतं. गालावर फडकं टेकवलं, हलकेच ओढलं. खालून सोनं वर आलं. जयदेव म्हणाला होता तसंच, वैसा का वैसा. तिच्या छातीतला श्वास सुटला. आणखी एकदा ओढलं, गालाचा कोपरा मोकळा झाला. आता कपाळ. त्यासाठी ती पुढे वाकली, इतकी जवळ की रंगाचे फटकारे वेगवेगळे दिसू लागले, आणि तिथे तिचा हात थांबला. लांबून नुसतं काळसर वाटलेलं कपाळ जवळून एकरंगी नव्हतंच. त्यात तांबूस होता, जांभळा होता, भुवईच्या वर राखेसारखा एक पट्टा होता, केसांच्या कडेला चक्क निळा, आणि कुठेतरी कच्च्या फणसासारखं हिरवंही. हे सगळं शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता, आणि तरी त्याचं कपाळ झालेलं. तिनं हे कपाळ पाहिलं होतं. चुलीपुढे, नदीवर, तापात, पाट्यावर वाकलेलं, घामानं चमकणारं. हे तिचं नव्हतं, आईचं होतं. अल्बममधल्या त्या काळोखात जे असायला हवं होतं ते सगळं इथे होतं. तिला रडू आलं नाही. उलट तिला राग आला, कुणाचा ते कळेना. फोटोग्राफरचा, साय आणि बेसनाचा, की जे एवढे दिवस भिंतीवर होतं त्याच्याकडे इतक्या हौसेनं बघणाऱ्या स्वतःचा. फडकं हातात तसंच राहिलं. त्यावर तिच्या गालाचा रंग होता.

"ते कुणी पुसलं?" दिनानाथ दारात उभे होते. चष्मा काढलेला होता.

"मी."

ते जवळ आले, चित्राकडे बघत राहिले. मालिनीनं फडकं लपवलं नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "गाल चुकलाच होता. कपाळ जमलंय." मग खाली वर्तमानपत्राकडे बघत म्हणाले, "पण तू ते चुकलाय म्हणून नाही पुसलंस."

"नाही." आणि मग, कधीच सांगणार नाही असं वाटणारी गोष्ट तिच्या तोंडून साध्या आवाजात बाहेर पडली. "तुम्हाला पिवळं दिसायचं ते मला माहीत होतं. पुष्कळ वर्षांपासून. नदीचं पाणी तपकिरी व्हायचं. मी सांगायला हवं होतं. डोळे आधीच दाखवून झाले असते."

दिनानाथ खुर्चीत बसले. "मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "राजसी दिवाळीला आली होती तेव्हा म्हणाली होती, बाबा, तुमची सगळी चित्रं चहात बुडवल्यासारखी का दिसतात. मग मी ट्यूबवरची नावं वाचायला लागलो. अगं, जन्मभर रंग पारखले, मला कळणार नाही का."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

बाहेर कुणीतरी मुलाला घरी यायला हाक मारत होतं. "तू त्या चित्रासमोर उभी राहायचीस," ते म्हणाले. "केर काढता काढता. मला वाटायचं, तुला ते आवडतंय. डोळे नीट झाले की मला ते तसं ठेवता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून आज, उद्या करत राहिलो. शेवटी पायरीच दिसेना झाली."

मालिनी त्यांच्याकडे बघत होती. इतके दिवस आपण कशा दिसतो आहोत याच धास्तीत तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. ऑपरेशनचा डोळा अजून लालसर होता, त्यातून पाणी येत होतं, दुसरा गढूळ, दुधाळ. दाढीचे खुंट वाढलेले. नखांच्या कडांना निळं होतं. भिंतीवर, नातेवाइकांच्या घरोघरी, यांची चहात बुडवलेली चित्रं टांगलेली होती, आणि कुणी काही म्हणत नव्हतं, आणि हे सगळं जाणून हा माणूस तिच्यासाठी आंधळा राहायला निघाला होता. तिला त्यांच्या कपाळावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. टर्पेंटाइनचा होता.

"तसंच ठेवू का?" त्यांनी विचारलं. "कपाळही पुसतो. दोन मिनिटांचं काम आहे. खालचं आहे तसं आहे."

"आता तुम्हाला दिसतंय ना?"

"हो."

"मग न दिसल्यासारखं किती दिवस कराल." तिनं खिडकीचा पडदा बाजूला सारला. दुपारचा शेवटचा स्वच्छ उजेड आत आला, पिवळा व्हायला अजून थोडा अवकाश होता. पूर्वी बसली होती तशी मान वळवून नाही, तिनं खुर्ची सरळ उजेडाकडे केली आणि बसली. पदराला घाम होता, केस सुटलेले होते. "चष्मा लावा. आणि दमलात की थांबायचं. घाई नाहीये."

"रंग आठवडाभर वाळणार नाही," दिनानाथ म्हणाले. कागद सोडून त्यांनी नवी ट्यूब उघडली. तपकिरी घेतला, त्यात पांढऱ्याचा ठिपका, थोडा तांबडा. सुरीच्या टोकावर रंग घेऊन ते उठले आणि तिच्याजवळ आले. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी तिला रंगाबद्दल विचारलं नव्हतं. सुरी त्यांनी तिच्या मनगटाशेजारी धरली, दोन चिंध्या शेजारी धरायचे तशी. "हा?"

मालिनीनं रंगाकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. हात उजेडात उलटा धरला.

"अजून सावळा," ती म्हणाली.

दिनानाथांनी मान डोलावली आणि निळा घ्यायला वळले.